पिसांतलं गंध

नाण्यांचे जाणकार पोंक्षे भिंगातून बघत होते. "काकू, १९०८ सालचं अमेरिकन सोन्याचं नाणं! ह्यातला चेहरा उठावाचा नाही, आत खोदलाय. तेव्हा तिथे ओरड झाली होती, की अशा खोलगट चित्रात मळ साठेल म्हणून." ते हसले. "आणि साठलाय बघा. डोक्यावरच्या पिसांत पिवळं काहीतरी आहे. ब्रशने काढू?"

"नको. गंध आहे ते."

मी त्यांना सांगितलं, माझे बाबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी आणलेलं हे नाणं आईने पिसं बघून कृष्ण म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. गोकुळाष्टमीला त्याला गंध लागायचं, लोण्याचा गोळा मिळायचा.

"पण काकू, हा तिथला आदिवासी सरदार आहे."

"बाबांनीही पुढच्या खेपेला तेच सांगितलं. आम्हाला वाटलं, आई आता त्याला देव्हाऱ्यातून काढणार."

"मग?"

"कुठलं काय! बाबा परत बोटीवर गेले, आणि लोणी सगळ्या देवांच्या आधी त्याला मिळायला लागलं. आई म्हणायची, घर सोडून लांब आलाय बिचारा. आपण ह्याला वाढलं, तर तिकडे ह्यांनाही कुणीतरी वाढेल."