कानातला हुकूम

"एक, दोन, तीन." कानात हेडमास्तरचा आवाज आला आणि तिने ड्रमच्या काठ्या उचलल्या. तळहातांना घाम सुटला होता. आज काठी निसटली की बँडही सुटला, हे तिला पक्कं माहीत होतं.

तो स्टुडिओत काचेपलीकडच्या चिमुकल्या खोलीत उभा होता. बँड त्याचा, शब्द त्याचे, रॅप त्याचा, पोस्टरवर चेहराही त्याचाच. तोंडावर सगळे त्याला बॉस म्हणत आणि पाठीमागे हेडमास्तर. त्याच्यासमोर दोन माइक असत. एकात तो रॅप करायचा. दुसऱ्यात, पायाखालचं बटण दाबून, हुकूम सोडायचा. हळू. दाब. उचल. हे हुकूम फक्त तिच्या हेडफोनमध्ये जात, कारण ड्रम तिच्याकडे. गिटार आणि बेस तिच्यामागे चालत, ती त्याच्यामागे. अशी पाच वर्षं गेली. आता घरी आईने दुधाचं पातेलं बघून "हळू गं" म्हटलं तरी ती दचकायची.

गेल्या आठवड्यात तिने दादाच्या गिटारला चाराऐवजी आठ आवर्तनं दिली होती. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. हात सुटला तो सुटलाच. काल हेडमास्तरने सगळ्यांदेखत तिचा समाचार घेतला. "लोक माझे शब्द ऐकायला येतात, गिटारचं रडगाणं नाही. तू माझं ऐकत नाहीस. उद्याचा रेकॉर्डिंगचा टेक बिघडला किंवा मध्ये थांबला, तर सोमवारपासून तुझ्या जागी मशीन." बेसवाला छताकडे बघत राहिला. दादा बुटाच्या लेसकडे. तिला दादाचा राग आला नाही. त्याच्या जागी असती तर तिनेही लेसच पाहिली असती.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं संपता संपता तिच्या टाचेला काहीतरी अडकलं, ओढ बसली आणि हेडफोन गप्प झाला.

वायर निघाली होती. वाकता येत नव्हतं आणि थांबणं तर शक्यच नव्हतं. हात आपले चालत राहिले. खोलीत तिचे ड्रम, दादाची गिटार आणि बेस, एवढंच ऐकू येत होतं. काचेपलीकडे हेडमास्तरचं तोंड हलत होतं. तो रॅप करतोय की हुकूम सोडतोय, काही कळत नव्हतं. डोळे मात्र तिच्यावरच होते.

तिसऱ्या कडव्यात गती उतरवायची होती. कुठे, ते नेहमी तो सांगायचा. तिने आपल्याच मनाने ती उतरवली. काही कोसळलं नाही. मग दादाच्या एकट्या गिटारची जागा आली. एक, दोन, तीन, चार आवर्तनं झाली. दादाने मान वर करून पाहिलं. आता ही तोडणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. नाहीतरी आपण गेल्यात जमा, तिला वाटलं, निदान दादाचं तरी होऊ दे. तिने तोडलं नाही. दादाची बोटं वर सरकली. दार लावून घरी वाजवायचा ते तो इथे वाजवू लागला. भीतीने तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं.

गाणं संपलं. काचेचं दार उघडलं. तो सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आज पहिल्यांदा माझा एकेक हुकूम ऐकलास," तो म्हणाला. "मशीन रद्द."

तिने खाली पाहिलं. प्लग पायाशी पडला होता. पायानेच हळूच मागे सारला असता तर कुणाला कळलंही नसतं. गप्प बसायची सवय तर होतीच.

"बॉस," ती म्हणाली. आवाज चिरकला. "वायर निघाली होती. दुसऱ्या कडव्यापासून मला काहीच ऐकू आलेलं नाही."

मग दादा येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"काहीतरीच काय," हेडमास्तर म्हणाला. "मी सांगितलं तसंच वाजलंय."

"ऐकूनच बघू या की," कंट्रोल रूममधून स्पीकरवर रेकॉर्डिस्ट काका म्हणाले. काका जुन्या वळणाचे. खोलीत जेवढे माइक चालू, तेवढे सगळे ते टिपून ठेवत, हुकमाचासुद्धा. त्यांनी बाकीचं बंद केलं आणि फक्त ड्रम आणि हुकूम लावले.

आधी पहिलं कडवं, वायर जागेवर असतानाचं. ड्रम दबला, आणि अर्ध्या मात्रेनंतर त्याचा आवाज आला, "दाब." ड्रम उचलला. मग, "उचल." काकांनी गेल्या आठवड्याचा टेक लावला. तिथेही तेच. आधी तिचा हात, मागून त्याचा हुकूम. भीतीपोटी तिला आजवर ते जाणवलंच नव्हतं.

शेवटी आजची दादाची जागा. चार आवर्तनं संपली, पाचवं सुरू झालं आणि मग आवाज आला, "वाढव, वाढव." बटण दाबलेलंच राहिलं असावं. पुढे त्याचाच, पण कुणी कधी न ऐकलेला, बारीक आवाज होता. "थांबू नको गं. मला जागा सापडत नाहीये. थांबू नको."

काकांनी आवाज बंद केला. हेडमास्तरचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा ओरडणार, म्हणून तिने नेहमीसारखे खांदे आवळून घेतले.

त्याने वाकून प्लग उचलला. तो खाचेत बसवायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"काका," तो म्हणाला, "हुकमाचा माइक हिच्यापुढे लावा आणि हिचा आवाज माझ्या कानात सोडा. मला आत एकट्याला फार भीती वाटते."