वरची ओळ

डाव्या मुठीत बीपीची गोळी धरून कुमुदताई एका बोटाने टाइप करत होत्या. गेलेल्या मुलाने कॉम्प्युटरवर स्वतः घडवलेली लिनक्स सिस्टिम कालपासून सुरूच होत नव्हती. त्याचा मित्र पराग फोनवरून एकेक अक्षर सांगत होता.

“सुरुवातीची यादी दाखवून सिस्टिम चालू करणारा बूटलोडर बिघडलाय, काकू. जुना पुसून नवा टाकू.”

चौथ्या खेपेला जमलं. काळ्या पडद्यावर पांढरी यादी उमटली, पण वर मुलाने लिहून ठेवलेली ओळ नव्हती: ‘आई, गोळी घेतलीस?’ जुन्याबरोबर तीही गेली. वर्षभर रोज सकाळी तेवढी ओळ वाचून त्या गोळी घेत आणि मशीन बंद करत. परागला कुठून कळावं?

“सुरू झालं ना, काकू?”

“हो रे, झालं,” म्हणत त्यांनी गोळी परत डबीत ठेवली.