मुखपृष्ठावरचा पांडुरंग

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मासिकांतली चित्रं गिरवत विनीत घडला, आणि बहारीनमधल्या एका कंपनीच्या मासिकाचा चित्रकार झाला. त्या जुन्या चित्रकारांसारखाच तो माणूस समोर बसवून चित्र काढायचा. मुखपृष्ठावर कामावरचा कुणीतरी, रंगीत. शेवटच्या पानावर वारलेला कुणीतरी, काळ्या-पांढऱ्यात. तेवढं मात्र फोटोवरून.

आज उम्म अल हस्सम वस्तीतल्या खोलीत वेल्डर पांडुरंग मुखपृष्ठासाठी ऐटीत बसला होता. खोकला काही हटत नव्हता, म्हणून कालच कंपनीच्या दवाखान्यात मेडिकल करून आला होता.

"शर्ट चांगला लालभडक कर हां. गावाला आई बघणार."

तेवढ्यात संपादक हेमा मॅडमचा फोन आला.

"विनीत, पांडुरंगचं चित्र शेवटच्या पानावर घेऊ. रंग नको."

"अहो मॅडम, तो माझ्यासमोर बसलाय!"



"त्याचा रिपोर्ट आलाय. आणि अंक निघायला अजून वेळ आहे."

विनीतनं फोन ठेवला.

"काय झालं रे? मी हललो काय?" पांडुरंगनं विचारलं.

"नाही. तसाच बस," विनीत म्हणाला, आणि त्यानं लाल रंगाच्या ट्यूबला झाकण लावलं.