पांढरा तालुका

आरोग्य खात्यात नकाशे रंगवणाऱ्या कारकुनाने पुरुषांच्या कॅन्सरचा नवा नकाशा घरी आणून बायकोपुढे पसरला. कॅन्सर जास्त तिथे लाल, कमी तिथे पांढरा. आणि त्याचा स्वतःचा तालुका अगदी दुधासारखा पांढराशुभ्र.

"बघ! आपल्याकडचे पुरुष म्हणजे लोखंड!" तो छाती फुगवून म्हणाला. छाती फुगली, पण आवाज घोगराच निघाला. बसलेला घसा कित्येक महिने उठायचं नाव घेत नव्हता.

"अहो, मग त्या लोखंडाला एकदा डॉक्टरकडे न्या की," बायको म्हणाली. "का गंज दिसेल म्हणून पाय लटपटतात?"

लटपटतच होते. पण बायकोसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून गडी तोऱ्यात जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात गेला, आणि घसा दाखवायच्या आधी डॉक्टरांनाही नकाशाचं कौतुक ऐकवून आला.

आठवड्याने रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमच्या तालुक्यातून माझ्याकडे तपासून घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच पुरुष," ते हळू आवाजात म्हणाले.



घरी येऊन त्याने पुन्हा नकाशा पसरला आणि बायकोला म्हणाला, "लाल पेन्सिल दे गं जरा."