आग्रह

वाढपी जिलब्यांची परात घेऊन आला आणि दिगंबरकाकांचं पान टाळून पुढे सरकला.

वजन उतरवण्यासाठी पोट कापून लहान केलं, तेव्हापासून गोड खाल्लं की काकांना दरदरून घाम फुटायचा. पुतण्याच्या मुंजीत अर्ध्या जिलबीनं ते पानावरच कोसळले होते. एकेकाळी पैजेवर तीस जिलब्या उठवणारा हा माणूस. आता ‘अहो, घ्या की’ म्हणत पानाशी कुणी थांबतसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मेहुणी सिंधू जिलबी घेऊन समोर वाकली. तिला सगळं ठाऊक होतं.

“भावोजी, माझ्या हातून एक तरी!”

“छे, छे, अजिबात नको!” काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. ती हसून पुढे गेली.

काकांचे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना नको म्हणायला मिळालं होतं.