मूठभर गवत

घोडीच्या नाकातून आत सोडलेली नळी दोन माणसांच्या उंचीएवढी होती. डॉक्टरीणबाई ती सरकवत होत्या, सरकवतच होत्या, आणि घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला वाटलं, आता ही शेपटीखालून बाहेर येऊन आपल्याला नमस्कार करणार. नळीच्या टोकाला कॅमेरा होता. त्याला जे दिसेल ते बाकड्यावरच्या छोट्या पडद्यावर उमटत होतं.

गुंगीचं इंजेक्शन दिलेली घोडी मान टाकून उभी होती. एरवी खोगिराचा पट्टा, तंग, पोटाशी आवळायला कुणी वाकलं की ती वळून चावायची. दोन वर्षांत तिने अकरा सदरे आणि एक मनगटी घड्याळ फस्त केलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांचा तर तिने बसल्या जागी निकाल लावला होता.

घोडेस्वारी शिकवणारा मास्तर म्हणायचा, खोड आहे. मोतद्दार म्हणायचा, पोट आहे. मास्तर हा मोतद्दाराचा जावई. त्यामुळे तबेल्यात जावयाचं चालायचं, घरी लेकीचं, आणि मोतद्दाराचं घोड्यांपुढे. या वेळी मात्र म्हातारा हटून बसला होता. शेवटी ठरलं: पोटात अल्सरचा व्रण दिसला तर महिनाभर औषध, आराम आणि मोकळं कुरण. नाही दिसला तर विटा ओढायला वीटभट्टीला विकायची. भट्टीवाल्याचा ट्रक सकाळीच फाटकाशी येऊन उभा होता. जावईबापू वेळेचे पक्के.

"सोळा तास उपाशी आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काल संध्याकाळी मी स्वतः तोंडाला जाळी बांधली," मास्तर म्हणाला. "राखायला मामा होतेच."

मोतद्दार नळीकडे बघत राहिला.

पडद्यावर गुलाबी बोगदा आला. बोगदा संपला आणि पडदा हिरवा झाला. बाईंनी नळी डावीकडे वळवली, हिरवं. उजवीकडे; हिरवं. पाणी मारलं, ओलं हिरवं.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "काय दिलंत हिला?"

"मूठभर गवत."

"एका मुठीचं एवढं?"

"दर वेळी मूठभर."

"किती वेळा?"

मोतद्दाराने बोटं मोजायला घेतली. डावा हात संपला, उजवा संपला, आणि तो पुन्हा डाव्या अंगठ्यावर आला तेव्हा मास्तरने तोंड फिरवलं.

"रिकामं तोंडच चघळत होती ती," मोतद्दार म्हणाला. "नाक जाळीवर घासत होती, म्हणून जाळी जरा सरकवली. एकतीस वर्षं झाली, रिकाम्या हाताने कधी घोड्यापुढे गेलो नाही. हात आपोआप भरतो, बाई. मला कळतसुद्धा नाही."

बाई नळी बाहेर ओढू लागल्या. "घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं. खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. पोट रिकामं राहिलं की ते आतून भाजतं. थोडं थोडं सारखं देत राहणं, हे तिचं निम्मं औषध. तुम्ही काही चुकत नव्हता." नळीचं टोक बाहेर आलं. त्याला एक हिरवी काडी चिकटली होती. "फक्त आजचा दिवस सोडून."

"उद्या पुन्हा बघा ना. आज मी तिच्याजवळ फिरकत नाही. मला कोंडून घाला हवं तर."

"कॅमेरा एक आणि तबेले चाळीस, काका. पुढची पाळी दोन महिन्यांनी." त्या मास्तरकडे वळल्या. "पण लक्षणं सगळी व्रणाचीच आहेत. नुसत्या संशयावरही औषध सुरू करता येतं."

"संशयावर तुम्ही औषध देता," मास्तर म्हणाला. "आम्ही विकतो."

बाईंनी सामान आवरलं. घोडीच्या तोंडाला जाळी पुन्हा बांधली. "गुंगी उतरेपर्यंत हिला गिळता येणार नाही, घशात अडकेल. तासभर काडीसुद्धा नको. मग जाळी काढा." हे त्यांनी मोतद्दाराकडे बघून दोनदा सांगितलं आणि त्या गेल्या.

"चढवा आत्ताच," मास्तरने हाक दिली. "शुद्धीवर असती तर सहा माणसं लागली असती."

"जावईबापू, एक महिना. माझ्या जबाबदारीवर."

"जबाबदारी कालच दिली होती, मामा."

घोडी झोकांड्या खात, शहाण्या गाईसारखी ट्रकात चढली. ड्रायव्हरने फळी लावली.

"चावते का?" त्याने मोतद्दाराला विचारलं.

"पोटाला आवळलं की. आधी मूठभर गवत घातलं तर नाही चावत."

"आमच्याकडे आधी काम, मग खाणं," ड्रायव्हर म्हणाला. "घोड्यांनाही."

घोडीने फळ्यांच्या फटीतून जाळीसकट नाक बाहेर काढलं आणि मोतद्दाराच्या मुठीवर टेकवलं. त्याने खाली पाहिलं. हातात गवत होतं. कुठून, कधी घेतलं, देव जाणे. पण या वेळी त्याने डॉक्टरीणबाईंचं ऐकलं. मूठ घट्ट मिटली आणि पाठीमागे नेली.

ट्रक फाटकाबाहेर पडला, रस्त्याला लागला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की जाळीचं ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही.

म्हातारा धावला. "तासाभराने जाळी काढ रे! जाळी!" ओरडत त्याने दोन्ही हात वर केले, जोरजोरात हलवले. मुठीतलं गवत त्याच्याच डोक्यावर पडलं.

ड्रायव्हरला आरशात हात हलवणारा म्हातारा दिसला. त्यानेही खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळणापर्यंत प्रेमाने हलवत राहिला.