शेवटच्या भागातला चेहरा

"हा खलनायक आहे की दाढ दुखणारा माणूस?" स्टुडिओचे मालक दादा यांनी अकरावा कागद टराटरा फाडला.

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या चित्रकार बाईने दात आवळले. स्टुडिओत सगळे तिला चेहरेवाली म्हणत, कारण चेहरे तीच काढायची. तीन वर्षं चाललेल्या ॲनिमे कार्टून-मालिकेचा शेवटचा भाग आज पाच वाजता वाहिनीकडे पाठवायचा होता. जगातला अन्याय संपवायला निघालेला भला नायक त्यात खलनायक होतो. तो खलनायक होतो त्या क्षणाचा चेहरा तेवढा काढायचा राहिला होता आणि दुपारचे तीन वाजून गेले होते.

"डोळ्यांत आग हवी आग!" दादा ओरडले. "गाव जाळतोय तो!"

"गाव नंतर जाळतो," तीही तडकली. "बिघडतो त्याच्या आधीच. कुठल्यातरी बारीकशा गोष्टीत. आणि तेव्हा त्याला वाटत असतं, मी सगळ्यांच्या भल्याचंच करतोय. मग आग कुठून आणू?"

"मला अक्कल शिकवू नकोस. पुन्हा काढ."

ती पाय आपटत जागेवर गेली. दादा होते म्हणून, नाहीतर तिचे अकरा कागद फाडायची कुणाची बिशाद होती? पण जुन्या कंपनीत मालक माणसांना लिंबासारखं पिळत होता, तेव्हा त्याच्या केबिनमध्ये शिरून जाब विचारणारे हे एकटेच होते. सहा जणांना घेऊन ते बाहेर पडले आणि त्यांनी हा स्टुडिओ उभा केला. चित्रं बाहेर फुटू नयेत म्हणून इथे सगळ्यांचे फोन दादांच्या खणात असत. पण कुणाच्या घरचा फोन आला, की दादा हातातला घास टाकून सांगायला धावत. म्हणूनच वडील चार दिवस दवाखान्यात बेशुद्ध असतानाही ती आज कामावर आली होती. भाऊ त्यांच्या उशाशी होता. "फोन आला की मी स्वतः तुला गाडीने सोडेन," असं दादांनी सकाळी सांगितलं होतं. अगदी मनापासून सांगितलं होतं.

साडेतीनला खण थरथरला. तिच्या भावाचा निरोप होता. 'बाबा शुद्धीवर आलेत. तुझं नाव घेतायत. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. असशील तशी निघ.'

फोन हातात घेऊन दादा ताडकन उठले. केबिनच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. काचेपलीकडे तीस डोकी कागदांवर वाकलेली होती. भाग आज गेला नाही तर पुढची मालिका हातची जाणार, आणि ही तीस माणसं त्या जुन्या मालकाच्या दारात उभी राहणार. कशामुळे? एका चेहऱ्यामुळे! दादांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांना त्या म्हाताऱ्याचाही राग आला. चार दिवस निपचित पडून होता, त्याला नेमकी आजच शुद्ध यायची होती? चार दिवस काढले, आणखी एक तास काढेल.

त्यांनी परत येऊन फोन खणात टाकला आणि खण लोटला. तेवढ्यात कोरा कागद घेऊन ती दारात आली.

"दादा, माझा फोन वाजला का हो? मघापासून जीव नुसता खालीवर होतोय."

तिचा उतरलेला चेहरा पाहून दादांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना तिची खरोखरच माया आली.

"नाही गं," ते म्हणाले. "वाजला असता तर मी धावत आलो नसतो का?"

तिचा जीव भांड्यात पडला. ती क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. मग कागद टेबलावर टाकून तिने झटकन पेन्सिल उचलली.

"हलू नका, दादा! सकाळपासून मी हाच चेहरा शोधत होते."